मदत ही साक्षीची मजुरी नव्हे

“केस सुटली, तर सरकारने तिला दिलेले पैसे परत घ्यायला हवेत.” बार रूममध्ये, वाचकांच्या पत्रव्यवहारात, शिकल्यासवरल्या माणसांच्या गप्पांत हे वाक्य आता सर्रास ऐकू येतं. त्याला लागून आणखी दोन वाक्यं येतात. सरकारी वकील असताना पीडितेला वेगळा वकील कशाला हवा? आणि पैसे मिळतात म्हटल्यावर खोट्या केसेस वाढणारच की! बोलणारी माणसं दुष्ट नसतात. बरेचदा तीच माणसं बलात्काराची बातमी वाचून हळहळतात आणि आरोपीला फासावर लटकवा म्हणतात. म्हणूनच त्यांच्या म्हणण्याला नीट, सविस्तर उत्तर द्यायला हवं.

तिन्ही वाक्यांच्या बुडाशी एकच समजूत आहे. गुन्हा सोसलेल्या माणसाला राज्य जे देतं, ते त्याच्या साक्षीच्या बदल्यात देतं, अशी ती समजूत. साक्ष चोख झाली तर मदत पचली, साक्ष डळमळली तर फुकटची खाल्ली. या समजुतीला कायद्यात आधार नाही. ती वापरून आपण गुन्हेगारांचंच काम सोपं करतो आहोत, आणि हे मला अत्यंत गंभीर वाटतं.

आधी कायदा पाहू, कारण “कायद्यात बसत नाही” असा सूर याच मंडळींचा असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने कलम ३५७अ आलं आणि ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालं. आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. प्रत्येक राज्याने पीडितांच्या भरपाईसाठी निधी आणि योजना करावी, असं ते कलम सांगतं. पण ते तिथे थांबत नाही. खटला निर्दोष सुटकेत संपला आणि पीडित व्यक्तीचं पुनर्वसन होणं गरजेचं असेल, तर न्यायालय भरपाईची शिफारस करू शकतं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. गुन्हेगार सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी पीडित व्यक्ती थेट विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करू शकते. त्या अर्जाची चौकशी दोन महिन्यांत पुरी करायची आहे. संसदेने शिक्षा आणि मदत यांचे दोन रस्ते जाणूनबुजून वेगळे ठेवले. पैसा आरोपीच्या खिशातून जात नाही, राज्याच्या निधीतून जातो. का जातो? नागरिकाचं रक्षण करण्याची जबाबदारी राज्याची होती आणि ती पार पडली नाही, म्हणून.

गारपीट झाली की तलाठी पंचनामा करतो आणि शेतकऱ्याला मदत मिळते. पुढच्या हंगामात त्याचं पीक कमी आलं म्हणून ती मदत परत मागायला कुणी त्याच्या दारात जात नाही. बाईच्या बाबतीत मात्र दोन-तीन वर्षांनी कोर्टात ती काय बोलली, यावर आधी दिलेल्या उपचाराच्या, भाड्याच्या, मुलांच्या शाळेच्या पैशाचा निवाडा करायला आपण तयार होतो.

ही केवळ गप्पांतली मागणी आहे असंही नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात म्हटलं की पीडिता फितूर झाली आणि तिने सरकार पक्षाला अजिबात साथ दिली नाही, तर दिलेली रक्कम वसूल करणं योग्य ठरेल. सरकारी तिजोरीवर असा बोजा टाकता येणार नाही, असा त्यामागचा विचार. सार्वजनिक पैशाची काळजी रास्तच आहे आणि न्यायालयाचा मान राखूनच बोलायला हवं. पण इथे खोटेपणा आणि फितुरी या दोन गोष्टींची गल्लत झाली आहे, असं माझं ठाम मत आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, म्हणजे नाल्साने, २०१८ मध्ये महिला पीडितांसाठी भरपाईची योजना केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू करायला सांगितली. तिच्यात वसुलीचं कलम आहे. तक्रार आणि आरोप खोटे होते, असं खटला चालवणाऱ्या न्यायालयाने ठरवलं, तर प्राधिकरण वसुलीची कारवाई सुरू करू शकतं. खोटं ठरणं ही एक गोष्ट. पुराव्याअभावी आरोपी सुटणं ही दुसरी. आणि साक्षीदाराने जबाबापासून मागे फिरणं ही तिसरी. या तिघींना एकाच पोत्यात कोंबलं की “केस सुटली म्हणजे बाई खोटी” हे तयार होतं.

निर्दोष सुटका म्हणजे खोटेपणा नव्हे, याचं महाराष्ट्राइतकं जळजळीत उदाहरण दुसऱ्या कुठल्या राज्याकडे नसेल. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. मथुरा या नावाने ती देशाला माहीत आहे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं आणि तिलाच खोटारडी ठरवलं. नागपूर खंडपीठाने पुढे आरोपींना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुसून टाकली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, तेव्हा तिची संमती असणार, असा तो तर्क होता. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. म्हणजे चूक कोर्टाच्या तर्कात आणि कायद्यात होती, हे संसदेने मान्य केलं. आता आजची मागणी त्या काळाला लावून पाहा. मथुरेला मदत मिळाली असती, तर ती तिच्याकडून परत घेतली गेली असती. शिवाय या खटल्याचं नाव काय? तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तिच्या आयुष्याचा निवाडा होत होता आणि ती त्यात पक्षकारही नव्हती.

आता फितुरी. हा शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यामागे काय घडतं हे बघायची गरजच वाटत नाही. पुढे जे लिहितो आहे ती एकाच बाईची कहाणी नाही. निरनिराळ्या तालुक्यांत ऐकलेले तुकडे एका जागी ठेवले आहेत.

घटना रात्री घडते. ती पोलीस ठाण्यात पोहोचते तेव्हा उजाडलेलं असतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्या दिवशी महिला डॉक्टर नसते, म्हणून गाडी सिव्हिलला जाते. तपासणीनंतर अंगावरचे कपडे मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतले जातात. बदलीचे कपडे कुणी आणायचे, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. कधी वॉर्डातली आया आपलं लुगडं देते, कधी महिला शिपाई खिशातले पैसे काढून गाऊन आणते. दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब होतो. एफआयआरची प्रत फुकट मिळणं हा तिचा हक्क असतो. ती मागावी लागते. मग सगळं शांत होतं. महिने जातात. आरोपीला जामीन मिळाला, हे तिला पोलिसांकडून कळत नाही, पिठाच्या गिरणीवर तो समोर उभा दिसतो तेव्हा कळतं.

पुढचा भाग गावात घडतो. नवऱ्याने कारखान्याच्या हंगामासाठी ज्या मुकादमाकडून उचल घेतली आहे, तो आरोपीच्या भावकीतला असतो. तो धमकी देत नाही. “या खेपेला तुमची जोडी नको” एवढंच म्हणतो. सासू म्हणते, झालं ते झालं, पोरीच्या लग्नाचं बघ. शेजारची सांगते, मिटवून टाक, कोर्टात अब्रूच जाते. दोन-अडीच वर्षांनी समन्स येतं. एसटीने जिल्ह्याला जायचं, रोजंदारी बुडवायची. कोर्टात साडेदहापासून बसून दुपारी कळतं, साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख. साक्षीदाराला भत्ता देण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तो मागायचा कुठे, हे तिला सांगायला कुणी नसतं. पुन्हा तारीख. आरोपी, त्याचे दोन भाऊ आणि त्यांचे वकील त्याच व्हरांड्यात, तिच्यापासून पाच हातांवर उभे. ज्या दिवशी खरोखर पुकारा होतो, त्या दिवशी सरकारी वकील तिला पहिल्यांदा भेटतात, साक्षीच्या दहा मिनिटं आधी. हातात तिचाच जुना जबाब देतात आणि म्हणतात, वाचून घ्या. तिला वाचता येत नाही.

ती पिंजऱ्यात उभी राहते आणि म्हणते, “अंधार होता, मला ओळखता आलं नाही.” साक्षीदार फितूर. सरकारी वकीलच आता तिची उलटतपासणी घेण्याची परवानगी मागतात.

या बाईने नेमकं कुणाला फसवलं? तिच्या घरादारावर एक बाजू सतत दाब देत होती आणि दुसऱ्या बाजूने, म्हणजे राज्याने, मधल्या सगळ्या काळात तिच्याकडे एकदाही चौकशी केली नाही. बलात्काराच्या प्रकरणात आरोपपत्र दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत खटला पुरा व्हावा, असं कायदा सांगतो. तो झाला असता तर मुकादमाला तिच्या नवऱ्याशी बोलायला दोन हंगाम मिळाले नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली आहे. त्याच आकडेवारीनुसार ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मालक, प्रियकर. ओळखीचा, म्हणजे दाब टाकण्याचे सगळे मार्ग ठाऊक असलेला. हे दोन आकडे शेजारी ठेवले की फितुरी कुठून येते ते समजतं. अशा बाईकडून पैसे परत घेणं म्हणजे आरोपीच्या बाजूने झालेल्या दडपणावर सरकारी शिक्का मारणं. मुकादमाच्या हातात आपण आणखी एक हत्यार देतो: “साक्ष फिरवलीस तर सरकारचे पैसे भरावे लागतील, ते आम्ही भरतो, तू फक्त गप्प राहा.”

पैशासाठी खोट्या केसेस होतात, या आक्षेपाकडे आता वळतो. अशी एकही केस होत नाही, असं मी म्हणणार नाही. खोटी फिर्याद होऊ शकते, झालेली आहे, आणि त्यात निरपराध माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. त्यासाठी भारतीय न्याय संहितेत वेगळे गुन्हे आहेत, वर सांगितलेलं वसुलीचं कलमही आहे. प्रश्न असा की भरपाई हे त्या खोटेपणाचं कारण आहे का? महाराष्ट्रात मनोधैर्य योजना २०१३ मध्ये सुरू झाली. तेव्हा रक्कम साधारण २ ते ३ लाखांची होती. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारच्या कोरडेपणावर कोरडे ओढले आणि शेजारच्या गोव्यात १० लाखांपर्यंत मदत मिळते याची आठवण करून दिली. त्यानंतर योजनेत सुधारणा होऊन कमाल रक्कम १० लाखांवर गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांकडे आलं. हे आकडे ऐकून माणसं म्हणतात, दहा लाख! पण कमाल रक्कम आणि हातात पडणारी रक्कम यांत फार अंतर आहे. नाल्साच्या योजनेत बलात्काराच्या गुन्ह्याला ४ ते ७ लाखांचा पट्टा आहे, आणि सज्ञान पीडितेच्या रकमेपैकी सहसा ७५ टक्के किमान तीन वर्षं मुदत ठेवीत जातात. अर्ज, एफआयआर, वैद्यकीय अहवाल, बँकेचं पासबुक, आधार, चौकशी, बैठक. हे सगळं पार पडेपर्यंत तिने गावातलं नाव गमावलेलं असतं, बहुधा कामही, कधी नवराही. एवढी किंमत आधी मोजून, पुढे कधीतरी सुटणाऱ्या ठेवीसाठी कुणी बाई खोटी फिर्याद रचते, हे म्हणणाऱ्याने एकदा तरी एखाद्या विधी सेवा प्राधिकरणाच्या बाकावर सकाळ काढावी.

आणि या आक्षेपाने प्रत्यक्ष कोर्टात काय केलं आहे? बचाव पक्षाच्या उलटतपासणीत एक प्रश्न ठरून गेला आहे: “तुम्हाला सरकारकडून पैसे मिळाले, हे खरं आहे का?” बाई “हो” म्हणते. खाली मान घालून म्हणते. पैसे कशाचे होते, कोणत्या कलमाखाली मिळाले, ते निकालावर अवलंबून नव्हते, हे तिथे सांगायला कुणी उठत नाही. बचावाच्या वकिलाने प्रश्न विचारणं हे त्याचं काम आहे, मी त्याला दोष देत नाही. पण त्या क्षणी तिच्या बाजूने उभं राहणारं माणूस खोलीत नसतं, ही उणीव कुणाची?

इथे दुसरा आक्षेप उत्तर मागतो: सरकारी वकील असतो ना. या आक्षेपात तिन्हींपैकी सर्वांत जास्त दम आहे, हे मान्य करायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रेखा मुरारका प्रकरणात ठरवलं की पीडितेच्या वकिलाला स्वतः युक्तिवाद करता येणार नाही, साक्षीदारांची उलटतपासणी घेता येणार नाही. त्याने सरकारी वकिलाला साहाय्य करायचं, सूचना त्याच्यामार्फत द्यायच्या. कारण असं की एका आरोपीविरुद्ध दोन-दोन वकील लढू लागले, तर खटला सुडाचा होईल. आरोपीचे हक्क मोलाचे आहेत, आणि आज जे सुडाची भाषा करतात त्यांच्या गर्दीत हे ठणकावून सांगणाऱ्या न्यायालयाचा मला आदरच आहे. पण मी पीडितेसाठी दुसरा सरकारी वकील मागतच नाही. सरकारी वकील राज्याचा असतो, आणि त्याचं पहिलं कर्तव्य न्यायालयाशी. त्याने तिचा खासगी वकील होऊ नये, हेही बरोबर. म्हणूनच तिच्या स्वतःच्या प्रश्नांसाठी तिचा वकील हवा. जामिनाच्या अर्जावर तिचं म्हणणं मांडायला. तिचा पत्ता आणि फोन नंबर आरोपपत्राच्या प्रतीतून आरोपीच्या घरी पोहोचू नये, ते पाहायला. आदल्या दिवशी साक्ष म्हणजे काय ते समजावून सांगायला. तिच्या मागील आयुष्याबद्दल कायद्याने मना असलेला प्रश्न आला तर सरकारी वकिलाच्या कानावर घालायला. भरपाईचा अर्ज करायला आणि तो नाकारला तर अपील करायला. आरोपी सुटला तर अपील करण्याचा पीडितेचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात स्पष्ट केला आहे. तो वापरायचा कसा, हे तिला सांगणार कोण? लखीमपूर खिरी प्रकरणात २०२२ मध्ये आरोपीचा जामीन रद्द झाला, त्यातही एक कारण हेच होतं की उच्च न्यायालयात पीडितांचं म्हणणं नीट ऐकलंच गेलं नव्हतं. हक्क कागदावर भरपूर आहेत. ते वापरणारा माणूस नाही.

“पण विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतंच की,” असं कुणी म्हणेल. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे खरं आहे. १५१०० हा क्रमांकही आहे. पण आता आरोपीसाठी काय झालं ते पाहा. नाल्साने २०२२ मध्ये नवी पद्धत आणली आणि महाराष्ट्रातल्या जिल्हा न्यायालयांत लोकअभिरक्षक कार्यालयं उघडली. तिथे पूर्णवेळ, पगारी वकील आहेत. ते फक्त गरीब आरोपींची फौजदारी कामं चालवतात. अटकेपासून ते जातात, रिमांडला उभे राहतात, अपील लिहितात. ही पद्धत अतिशय चांगली आहे आणि ती आणखी बळकट व्हावी. पीडित मात्र तिच्या कक्षेत नाही. तिला मिळतो तो पॅनेलवरचा वकील, खासगी प्रॅक्टिस सांभाळून, तुटपुंज्या मानधनावर, प्रकरणागणिक नेमलेला, तोही तिने अर्ज केला तर. अर्ज करायचा असतो हे तिला माहीत असेल तर. त्याच न्यायालयात, त्याच खर्चातून, त्याच कायद्याखाली एका बाजूसाठी पूर्णवेळ कार्यालय होऊ शकतं, हे सिद्ध झालं आहे. दुसऱ्या बाजूसाठी ते का होत नाही, याचं उत्तर मला पैशात सापडत नाही. आपल्या मनातली समजूत आड येते: ती साक्षीदार आहे, आली पाहिजे, बोलली पाहिजे, गेली पाहिजे.

पाठीशी माणसं उभी राहिली की काय होतं, हे बिल्किस बानो प्रकरणाने दाखवलं. २००२ मध्ये गुजरातच्या दाहोद जिल्ह्यात तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला, तिच्या कुटुंबातली माणसं तिच्यासमोर मारली गेली. स्थानिक पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला आणि तो स्वीकारलाही गेला. आजच्या तर्काने तिथेच “केस सुटली” असं म्हणून पाटी पुसली असती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग तिच्या पाठीशी उभा राहिला, तिला वकील मिळाले, सर्वोच्च न्यायालयाने सीबीआय तपास दिला आणि २००४ मध्ये खटला मुंबईला हलवला. गावापासून, त्या माणसांपासून दूर. जानेवारी २००८ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप दिली. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, शिवाय तपासात गडबड करणाऱ्या पोलिसांना आणि डॉक्टरांनाही दोषी धरलं. बिल्किस विलक्षण धीराची बाई आहे, यात शंका नाही. पण एवढा धीर प्रत्येकीकडे असेल, हे गृहीत धरून राज्य चालत नाही. आणि तिलाही ५० लाख, नोकरी आणि घर द्या असा आदेश मिळाला तो एप्रिल २०१९ मध्ये, घटनेला सतरा वर्षं झाल्यावर. पुढे १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरात सरकारने त्या अकरा जणांना मुदतीआधी सोडलं. तिला विचारलं नव्हतं. ८ जानेवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण माफी देण्याचा अधिकार खटला जिथे चालला त्या महाराष्ट्राचा होता. साक्ष इतकी चोख दिलेल्या बाईलाही राज्याने मध्येच सोडून दिलं. मग साक्ष चोख झाली तर मदत, हा सौदा निदान राज्य तरी पाळतं का?

फाशीच्या मागणीबद्दल फार लिहायची गरज नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात मृत्युदंड होता, वेगवान तपास होता. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही. मिळाली असती तरी पिंजऱ्यात उभ्या असलेल्या त्या बाईच्या नवऱ्याची उचल फिटली नसती.

ज्याने ती बोलू शकते ते काम कसं करायचं, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे, हेच सर्वांत चटका लावणारं. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्यात बसणारी, पण पोलीस नसलेली समाजकार्यकर्ती. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत ही संस्था आणि महापालिका यांनी मिळून दिलासा केंद्र उभारलं. जखम बांधायला आलेल्या बाईशी तिथेच समुपदेशक बोलते, वेगळ्या खिडकीवर पाठवत नाही. पुढे ते महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेलं. या कामांतून हेच शिकायला मिळालं की बाई ज्या दारातून पहिल्यांदा आत येते, त्या दारातच तिच्यासाठी माणूस हवा. लहान मुलांच्या बाबतीत कायद्यानेही हे मान्य केलं. पोक्सो कायद्याच्या २०२० च्या नियमांत बाल कल्याण समितीमार्फत मुलाला सपोर्ट पर्सन द्यायची सोय आहे, जो दवाखान्यात, कोर्टात, शाळेत त्याच्यासोबत जाईल. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही गरज पालकांच्या मर्जीवर सोडू नका. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आलं: पीडितांना प्रत्येक सुनावणीची वेळेत सूचना, जामिनाच्या वेळी त्यांचं म्हणणं ऐकणं, प्रवासखर्च. मुलासाठी जमतं, दलित आणि आदिवासी पीडितांसाठी कायद्यात लिहिता येतं, तर खुनात बाप गमावलेल्या तरुणासाठी, ॲसिडने चेहरा जळालेल्या मुलीसाठी, घरात मार खाणाऱ्या बाईसाठी ते का नको? नव्या संहितेत कलम १९३ प्रमाणे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडितेला कळवायचं आहे, मोबाईलवर कळवलं तरी चालेल. या एवढ्या साध्या गोष्टीची अंमलबजावणी झाली तरी गिरणीवर आरोपी दिसून छातीत धस्स होण्याची वेळ अनेकींवर येणार नाही.

तेव्हा पैसे परत घ्या म्हणणाऱ्यांनी आपली ऊर्जा दुसरीकडे वळवावी. राज्य सरकारने शासन निर्णयात लिहावं की फितुरी किंवा निर्दोष सुटका हे मदत नाकारण्याचं वा वसूल करण्याचं कारण असणार नाही. खोटेपणा न्यायालयाने ठरवला, तरच वसुली. प्रत्येक जिल्हा न्यायालयात लोकअभिरक्षक कार्यालयाच्या तोडीचं, पूर्णवेळ पगारी वकील असलेलं पीडितांचं कार्यालय उघडावं, आणि एफआयआर नोंदला की ठाण्यातूनच त्याला कळवलं जावं, बाईने अर्ज करण्याची वाट पाहू नये. साक्षीच्या तारखेला तिच्यासाठी वेगळी खोली, आणि त्या दिवसाचा भत्ता त्याच दिवशी. विधी सेवा प्राधिकरणांनी दर तीन महिन्यांनी जिल्हावार आकडे जाहीर करावेत: भरपाईचे किती अर्ज आले, दोन महिन्यांच्या मुदतीत किती निकाली निघाले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने.